बर्न झाली म्हणजे सीडी चांगली झाली असं नाही : बुजुर्गांचा आवाज सीडीवर नीट कसा उतरवावा



वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, देवळी. आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही मोहल्ल्यात जा, चार घरांतल्या एका घरी तरी जुन्या कॅसेटींचा डबा निघेल. त्यात मरहूम दादांची तिलावत असते, नानीने म्हटलेली नात असते, कुणाच्या निकाहचा खुत्बा, एखाद्या जलशातलं बयान, गिरडच्या दर्ग्यावरची कव्वाली. फीत दरवर्षी थोडी झिजते आणि कॅसेट प्लेअर आता दुरुस्तीलाही कुणी घेत नाही. म्हणून पुष्कळ जण या कॅसेटी कॉम्प्युटरवर घेतात आणि ऑडिओ सीडी बनवतात.

"आता मोबाईल असताना सीडी कशाला?" असं मुलं विचारतात. उत्तर घरातल्या बुजुर्गांकडे आहे. सीडी प्लेअरचं एक बटण दाबलं की तिलावत सुरू होते. मध्येच फोन वाजत नाही, आयतीच्या मध्ये जाहिरात येत नाही, चष्मा शोधावा लागत नाही. मकतबमध्येही मुलांना एकच सूरह पुन्हा पुन्हा ऐकवायची असेल तर सीडी प्लेअर सोयीचा पडतो.

पण तक्रार ठरलेली असते. सीडी कॉम्प्युटरवर वाजते आणि अम्मीच्या प्लेअरवर अडकते. किंवा वर्षभर नीट चालते आणि मग खरखर करायला लागते. दुकानदार म्हणतो, तुमचा प्लेअर खराब आहे. कधी कधी ते खरंही असतं. पण बरेचदा दोष सीडी बर्न करतानाच राहिलेला असतो. "बर्न सक्सेसफुल" हा संदेश एवढंच सांगतो की लिहिण्याचं काम संपलं. अक्षर कसं आलं, ते तो सांगत नाही.

म्हणून एक गोष्ट आधीच पक्की करू या. सीडी रायटर आवाज सुधारत नाही. त्याच्या जाहिरातीत कितीही मोठी नावं असोत, तो फक्त दिलेला आवाज कमीत कमी चुका करून उतरवतो. त्याच्या सोयी कशा चालतात हे कळलं, तर घरच्या साध्या रायटरवरही चांगली सीडी बनते.

सीडीवर नेमकं काय लिहिलं जातं?

ऑडिओ सीडीचे नियम सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांनी १९८० मध्ये ठरवले आणि पहिला प्लेअर ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानच्या बाजारात आला. तेच नियम आजही चालतात. आवाजाची दर सेकंदाला ४४,१०० वेळा नोंद घेतली जाते, तीही डाव्या आणि उजव्या बाजूची वेगवेगळी. प्रत्येक नोंद १६ बिटची. म्हणजे एका सेकंदासाठी १,७६,४०० बाइट. हे सगळं आतून बाहेर जाणाऱ्या एका लांब गोल रेषेवर लिहिलेलं असतं. तिच्या दोन फेऱ्यांत मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या जेमतेम दीडपट अंतर असतं.

कंपनीतून छापून आलेल्या सीडीवर खरोखरचे बारीक खड्डे असतात. आपण घरी वापरतो त्या ब्लँक सीडीवर खड्डे नसतात. तिच्यात रंगद्रव्याचा, म्हणजे डायचा एक पातळ थर असतो. रायटरचा लेझर तो थर ठिकठिकाणी भाजतो. वाचताना भाजलेली जागा एक प्रकारे दिसते, न भाजलेली दुसऱ्या प्रकारे.

आता महत्त्वाची गोष्ट. या खुणा नऊ वेगवेगळ्या लांबीच्या असतात आणि मजकूर त्या लांबीतच दडलेला असतो. तजवीद शिकलेल्यांना हे पटकन समजेल. मद्द दोन हरकतींचा आहे की चार की सहा, यावर पठण अवलंबून असतं. ओढायचं तिथे तोडलं, तोडायचं तिथे ओढलं, तर ऐकणारा चमकतो. सीडीचंही तसंच आहे. लेझरने खूण थोडी लांब किंवा थोडी आखूड केली की प्लेअर गोंधळतो. लांबीतल्या या चुकीला जिटर म्हणतात. बर्न करण्याचा दर्जा म्हणजे मुख्यतः खुणांची लांबी आणि कडा किती अचूक आल्या हेच.

चूक झाली तरी सीडी वाजते कशी?

चूक होणार हे धरूनच ही पद्धत बनवलेली आहे. तरावीहमध्ये हाफिजसाहेब कुठे अटकले तर मागून सामेअ लुकमा देतात आणि नमाज पुढे चालू राहते. सीडीवरही आवाजासोबत जादा आकडे लिहिलेले असतात आणि त्यांच्या आधारे प्लेअर चूक दुरुस्त करून घेतो. ही दुरुस्ती दोन पायऱ्यांत होते. पहिली सी-१, दुसरी सी-२. दोन्ही मिळून ट्रॅकच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटरचं नुकसान पूर्ण भरून काढू शकतात.

दोन्ही पायऱ्या कमी पडल्या तर प्लेअर आजूबाजूचा आवाज पाहून अंदाजाने जागा भरतो. त्याच्याही पलीकडे गेलं की टिक् टिक्, खरखर किंवा उडी ऐकू येते.

दर सेकंदाला सीडीवरून ७,३५० लहान तुकडे वाचले जातात. त्यांपैकी सरासरी २२० तुकड्यांपर्यंत चूक असली तरी नियमाप्रमाणे सीडी पास होते. पण हा आकडा नापास होण्याच्या काठावरचा आहे. चांगल्या बर्नमध्ये सी-१ ची सरासरी दहाच्या आत राहते आणि सी-२ शून्य असते. दुरुस्तीची ताकद बर्नच्या वेळीच खर्च झाली, तर उद्याचा ओरखडा, धूळ, उन्हाळा यांच्यासाठी काहीच शिल्लक राहत नाही. आज कॉम्प्युटरवर वाजणारी सीडी वर्षभराने अडकते, त्यामागचं एक मोठं कारण हे आहे.

आणखी एक बाब पुष्कळांना माहीत नसते. डेटा सीडीवर या दोन पायऱ्यांशिवाय दुरुस्तीची तिसरी पायरीही असते. ऑडिओ सीडीवर ती नसते. एका सेक्टरमधले २,३५२ बाइट सगळेच्या सगळे आवाजाला दिलेले असतात, तर डेटा सीडीत त्यांतले २,०४८ मजकुराला आणि बाकीचे मुख्यतः दुरुस्तीसाठी व पत्त्यासाठी. म्हणून ऑडिओ सीडी बर्न करताना जास्त काळजी घ्यावी लागते.

रायटरमधल्या सोयी : कोणती कशासाठी?

पहिली सोय सगळ्याच रायटरमध्ये असते. बर्न सुरू होण्याआधी रायटर सीडीच्या अगदी आतल्या पट्टीवर लेझर कमी-जास्त करून पाहतो आणि त्या सीडीला किती ताकद लागेल ते ठरवतो. प्रत्येक कंपनीचा डाय वेगळा असल्यामुळे हे करावं लागतं. चांगले रायटर बर्न चालू असतानाही ही ताकद जुळवत राहतात. सीडीवर बोटाचा ठसा असेल तर हे गणित बिघडतं. म्हणून ब्लँक सीडी नेहमी कडेने धरावी.

दुसरी सोय बफर संपण्यापासूनच्या संरक्षणाची. पूर्वी कॉम्प्युटर क्षणभर अडकला तरी सीडी वाया जायची. सान्यो कंपनीने २००० च्या सुमारास 'बर्न-प्रूफ' हे तंत्र आणलं. मजकूर यायचा थांबला की लेझर थांबतो आणि पुन्हा मजकूर आला की तिथूनच पुढे जोडतो. आज वेगवेगळ्या नावांनी ही सोय सगळीकडे आहे. ती चालूच ठेवावी, पण तिची गरज पडू देऊ नये, कारण जोड शेवटी जोडच असतो. बर्न करताना ब्राउझर, व्हिडिओ, अँटिव्हायरसची तपासणी बंद ठेवावी आणि फाइल पेनड्राइव्हवरून न लिहिता आधी हार्डडिस्कवर घ्यावी.

तिसरी सोय खास ऑडिओसाठी होती. यामाहा कंपनीने आपल्या सीआरडब्ल्यू-३२०० आणि नंतर २००२ च्या सीआरडब्ल्यू-एफ१ या रायटरमध्ये 'ऑडिओ मास्टर क्वालिटी रेकॉर्डिंग' दिलं. युक्ती साधी होती. कमी वेगाने लिहायचं आणि प्रत्येक खूण थोडी लांब करायची. सीडीची रेषा सेकंदाला १.२ मीटरऐवजी १.४ मीटर धावते असं धरून रायटर लिहितो. नियमात १.२ ते १.४ ही सूट असल्यामुळे कुठल्याही प्लेअरवर ती वाजते. खुणा सुमारे एक षष्ठांशाने मोठ्या झाल्या की लांबीतली तेवढीच चूक प्रमाणाने लहान ठरते. वहीत दाटीवाटीने लिहिण्याऐवजी मोकळं लिहावं, तसंच हे.

त्याची किंमत जागेत मोजावी लागते. ७४ मिनिटांच्या सीडीवर ६३ मिनिटं बसतात आणि ८० मिनिटांच्या सीडीवर ६८. आपल्या कामाला हे हिशेबात बसतं, कारण ६० मिनिटांची कॅसेट ६८ मिनिटांत मावते. ९० मिनिटांची कॅसेट तशीही एका सीडीवर मावत नाही, तिची एक बाजू एका सीडीवर घ्यावी लागते.

चौथी सोय प्लेक्सटर कंपनीच्या रायटरमध्ये होती, नाव 'व्हेरीरेक'. रायटरने ठरवलेली लेझरची ताकद आपल्याला हाताने थोडी वर-खाली करता येते. एखादी सीडी विशिष्ट प्लेअरवर अडकत असेल तर ताकद बदलून दुसरी बनवून पाहायची. प्लेक्सटर प्रीमियम या रायटरमध्ये सी-१, सी-२ तपासण्याची सोयही सोबत होती.

हे रायटर आता नवे मिळत नाहीत. सेकंडहँड बाजारात कधीतरी दिसतात, पण जुना लेझर थकलेला असू शकतो. फक्त नावासाठी जास्त पैसे देऊ नका. त्यांनी जे साधलं त्याचं तत्त्व, म्हणजे योग्य वेग, योग्य सीडी, जागेची घाई नाही आणि नंतर तपासणी, आपल्या आजच्या रायटरवरही पाळता येतं.

बर्नच्या आधीचं काम

कॅसेटवरून आवाज घेताना घाई करू नका, कारण इथे गेलेलं पुढे परत येत नाही. प्लेअरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसून घ्या. कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवा, म्हणजे फीत सैल होते. केबल कॉम्प्युटरच्या लाइन-इनला लावा, माइकच्या भोकात नको. माइकचं भोक कमजोर आवाजासाठी असतं, त्यात कॅसेटचा आवाज फाटतो. लॅपटॉपला लाइन-इन नसेल तर लाइन-इन असलेलं छोटं यूएसबी साऊंड कार्ड घ्या.

ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. ४४,१०० आणि १६ बिट निवडा, फाइल डब्ल्यूएव्ही ठेवा. आवाजाची पट्टी सर्वांत मोठ्या जागीही टोकाला लागता कामा नये. तिलावतीत आवाज हळू असतो आणि अचानक चढतो, म्हणून आधी चढाची जागा शोधून त्यावर पातळी ठरवा. मागची सरसर काढण्याची सोय जपून वापरा. जास्त काढलं तर स्वाद, सीन यांसारख्या हर्फांची धार जाते आणि दादांचा आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. थोडी सरसर राहिलेली बरी.

व्हॉट्सॲपवर आलेली किंवा कमी दर्जाची एमपी३ फाइल सीडीवर बर्न केली तर ती सीडीच्या दर्जाची होत नाही. एमपी३ करताना जे गळलं ते गळलंच. शक्य असेल तर मूळ कॅसेट मिळवा आणि तिच्यावरूनच घ्या.

सीडी आणि वेग

एकेकाळी ग्रेटर नोएडातल्या मोझर बेअरच्या सीडी गावागावांत मिळत. ती कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून अवसायनात गेली. चांगल्या डायसाठी नावाजलेल्या जपानच्या तायो युडेननेही २०१५ च्या अखेरीस हा धंदा सोडला. त्यामुळे आज दुकानात जुना माल, नवा माल आणि नकली माल सगळं सापडतं. वर्ध्यात न मिळाल्यास नागपूरच्या सीताबर्डीत शोधा. ५० सीडींचा डबा घेण्याआधी चार-पाच सुट्या घ्या, बर्न करून तपासा आणि मग ठरवा. 'म्युझिक' असं छापलेली ब्लँक सीडी महाग असते, पण डाय चांगला असतो म्हणून नाही. तिच्या किमतीत रॉयल्टी धरलेली असते आणि घरगुती ऑडिओ रेकॉर्डर मशीनना तीच लागते. कॉम्प्युटरच्या रायटरला साधी सीडी चालते.

वेगाबाबत दोन टोकाचे गैरसमज आहेत. ५२ पटीने बर्न केली तर सीडी मिनिटाला सुमारे दहा हजार फेऱ्या मारते. बाहेरच्या कडेला ती थरथरते आणि चुका वाढतात. पण "जितकी हळू तितकी चांगली" हेही आज खरं नाही. आत्ताच्या सीडींचा डाय वेगासाठी बनवलेला असतो, फार हळू लेझर फिरवला तर खूण जास्त भाजते. आजच्या बहुतेक रायटर-सीडीच्या जोडीला १६ ते २४ पट वेग मानवतो. तुमच्या जोडीला कोणता मानवतो हे एकच आवाज दोन-तीन वेगांनी बर्न करून तपासलं की कळतं. त्यासाठी दोन सीडी वाया गेल्या तरी चालतील.

बर्न करताना

सॉफ्टवेअरमध्ये दोन पद्धती दिसतील. 'ट्रॅक-ॲट-वन्स'मध्ये लेझर प्रत्येक ट्रॅकनंतर थांबतो आणि मध्ये दोन सेकंदांची शांतता येते. 'डिस्क-ॲट-वन्स'मध्ये सगळी सीडी एका दमात लिहिली जाते. नेहमी दुसरी निवडा आणि ट्रॅकमधलं अंतर शून्य करा. लांब सूरहचे ट्रॅक पाडले असतील तर सलग तिलावतीत खंड पडत नाही आणि हवी ती जागा बटणाने काढताही येते.

ट्रॅक कुठे पाडायचा हे कॉम्प्युटरवर सोडू नका. दर पाच मिनिटांनी आपोआप ट्रॅक पाडला की आयत मध्येच चिरली जाते. आयत संपते तिथे किंवा रुकूवर पाडा. एका सीडीत सूरह मावत नसेल तर दुसरी सीडी आयतीच्या सुरुवातीपासून घ्या. सीडी पूर्ण ८० मिनिटं भरू नका, बाहेरची कड हाताळणीत आधी खराब होते. ७० मिनिटांच्या आत राहिलात तर बरं. शेवटी 'फायनलाइज' केल्याशिवाय साध्या प्लेअरवर सीडी वाजणार नाही.

तपासणी

काही रायटर सी-१, सी-२ दाखवतात, लाईट-ऑनचे बरेच रायटर त्यांत येतात. नीरो डिस्कस्पीडसारख्या सॉफ्टवेअरने आलेख पाहता येतो. रेषा खाली आणि सपाट हवी. शेवटाकडे उंच चढत असेल तर वेग कमी करून पुन्हा बनवा. सी-२ दिसलं तर ती सीडी जपून ठेवायच्या कामाची नाही.

ही सोय नसेल तर साधा उपाय : घरातल्या सर्वांत जुन्या, सर्वांत कुरकुऱ्या प्लेअरवर शेवटचा ट्रॅक लावा. तिथे नीट वाजली तर बहुतेक ठिकाणी वाजेल.

ठेवायची कशी?

सीडीचा नाजूक भाग वरचा, म्हणजे आपण नाव लिहितो तो. डाय आणि चमकणारा थर त्याच्याच खाली, फक्त वार्निशच्या आवरणाखाली असतो. तिथे बॉलपेन टोचू नका, कागदी लेबल चिकटवू नका. पाण्याच्या शाईचा मऊ मार्कर घ्या आणि मधल्या पारदर्शक भागावर लिहा. पुसताना मधून बाहेर सरळ पुसा, गोल नको. आडव्या ओरखड्यापेक्षा ट्रॅकच्या दिशेचा ओरखडा दुरुस्तीला जास्त जड जातो. आणि आपल्याकडचा मे महिना लक्षात ठेवा. पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा बंद गाडीच्या डॅशबोर्डवरची सीडी डायसकट खराब होते. गाडीसाठी वेगळी प्रत ठेवा.

सगळ्यांत महत्त्वाचं, सीडी ही ऐकायची प्रत आहे. मूळ डब्ल्यूएव्ही फाइल हार्डडिस्कवर आणि आणखी एका जागी, शक्यतो दुसऱ्या नातेवाइकाच्या घरी ठेवा. मग सीडी खराब झाली तरी नवी बनते. सीडीवरून सीडी, तिच्यावरून तिसरी असं करत गेलात तर प्रत्येक ठिकाणी चुका जमा होऊ शकतात.

हा खटाटोप कशासाठी?

सेवाग्राम आपल्याच जिल्ह्यात आहे. गांधीजी तिथे १९३६ मध्ये राहायला आले. त्याआधी, १९३१ मध्ये, ते गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले असताना कोलंबिया ग्रामोफोन कंपनीने ईश्वराविषयीचं त्यांचं एक छोटं भाषण तबकडीवर घेतलं. नव्वदहून जास्त वर्षं झाली, तो आवाज आजही ऐकायला मिळतो. कारण मूळ चांगलं घेतलं होतं आणि त्याच्या प्रती होत राहिल्या. कैरोत १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला शेख महमूद खलील अल-हुसरी यांचं संपूर्ण कुरआनचं पठण ध्वनिमुद्रित झालं, तेही असंच जगभर पोहोचलं.

मोठ्यांचा आवाज कंपन्या आणि रेडिओ जपतात. आपल्या दादीचा आवाज जपायला कुणी कंपनी येणार नाही. तिची बहुधा एकच कॅसेट आहे आणि ती तुमच्याच घरात आहे. ती आपल्याकडे अमानत आहे.

अमानत म्हटली की दोन गोष्टी पाळाव्यात. कुणाचं बयान किंवा नात वाटायची असेल तर त्यांची किंवा त्यांच्या घरच्यांची इजाजत घ्या, बाजारातल्या सीडीच्या प्रती करून विकू नका. आणि सीडीच्या डब्यात एक कागद ठेवा. आवाज कुणाचा, कुठल्या मौक्यावरचा, कुठल्या गावचा, साल काय, हे उर्दूत आणि मराठीत दोन्ही लिहा. पुढच्या पिढीतल्या ज्या मुलाला उर्दू वाचता येणार नाही, त्यालाही कळलं पाहिजे की हा आवाज त्याच्या परदादीचा आहे.